चारशेदहा नंबरची बंदूक

आमच्या घरात आजवर एकच बंदूक आली आणि तिने एकही रानडुक्कर मारलं नाही. यात बंदुकीचा दोष नाही, माझ्या थोरल्या भावाचा नाही, आणि डुकराचा तर मुळीच नाही. त्या बिचाऱ्याने आपल्याकडून पूर्ण सहकार्य केलं होतं. पंधरा पावलांवर चांगलं आडवं उभं राहिलं होतं! दोष माझा आहे. हे तीन शब्द लिहायला मला पन्नासहून जास्त वर्षं लागली. आता गुडघे गेले, दात गेले, निम्मी नावं आठवत नाहीत. निदान हे ओझं तरी शुद्धीवर असताना उतरवून ठेवावं, म्हणून लिहायला बसलो आहे.

गोष्ट एकाहत्तर-बाहत्तरच्या हंगामातली. देवळाली प्रवरेपासून दोन कोसांवर, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. घरात माझा थोरला भाऊ अण्णा, वहिनी, एक नुकती व्यालेली म्हैस आणि मी. वडील लवकर गेले. अण्णाने चौथीतून शाळा सोडली आणि नांगर धरला, तो मी शिकावं म्हणून. मी नगरला राहून बी.ए. झालो आणि जवळच्याच एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून म्हणून चिकटलो. घरात छापील अक्षर दिसलं की ते माझ्याकडे यायचं. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, एस.टी.चं वेळापत्रक, खताच्या गोणीवरची सूचना, सगळं मीच वाचून सांगायचो. न कळलेलंही ठासून सांगायचो. (बी.ए.चा तेवढा उपयोग होतो.)

अण्णाची विद्या वेगळी. अण्णाची गोफण सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. ज्वारीच्या कणसावर पोपट बसला तर अण्णा पोपटाला मारीत नसे, कणसालाही मारीत नसे. पोपटाच्या शेजारच्या पानाला मारी! पोपट अपमानित होऊन उडून जाई, कणसाला धक्का नाही. लोक मुद्दाम बांधावर बसून हा खेळ बघत. अण्णाला बोलता फारसं येत नसे, हिशेब येत नसे, सभेत उभं राहायची लाज वाटे. पण "नेम म्हंजी अण्णाचा" असं कुणी म्हटलं की तो पागोटं सारखं करायचा. त्याच्याजवळ अभिमान म्हणून तेवढी एकच गोष्ट होती. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

त्या वर्षी उसात रानडुकरं शिरली. डुक्कर ऊस खातं ते ठीक, पण ते खातं थोडं आणि लोळतं फार. सकाळी बघावं तर खोलीएवढी जागा भुईसपाट! आम्ही डबे वाजवले, फटाके लावले. माझा कॉलेजातला कोट घालून बुजगावणं उभं केलं. चौथ्या दिवशी तो कोट उसाच्या मधोमध सापडला, अंथरलेला. डुकरीण त्यावर व्याली होती!

मग अण्णाने पीक संरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. म्हणजे मी लिहिला, त्याने चौथीपर्यंत शिकलेली सही केली. परवाना यायला आठ महिने लागले. मधल्या काळात कोटावर जन्मलेली पिलं लग्नाला आली होती.

परवाना आला त्या दिवशी ओट्यावर बैठक बसली. बंदूक कशी असावी?

वहिनीचे वडीलही आले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. घोडेगावच्या बैलबाजारात तीस वर्षं दलाली केलेला माणूस. जगातली कुठलीही वस्तू बैलासारखीच घ्यायची असते, असा त्यांचा सिद्धांत होता. माझ्यासमोर त्यांनी एकदा शिलाई मशीनच्या पायांत वाकून बघितलं होतं.

"आवाज कमी पायजे," वहिनी आतून म्हणाल्या. "म्हैस आत्ता कुठं पान्हवाया लागलीय. दचकली तर दूध चोरंल."

"बंदुकीला आवाज असतोच, वहिनी," मी म्हणालो.

"मंग कमी आवाजाची बघा की, भावजी! एवढं शिकलाय कशापायी?"

"वजनाला हलकी असावी," तात्या म्हणाले. "जड जनावर चिखलात रुततं."

"आणि अण्णा, तुझं काय म्हणणं?" मी विचारलं.

अण्णा बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "माझं काय न्हाई. मारली की डुक्कर पडलं पायजे, येवढंच."

ही अट कुणी फारशी मनावर घेतली नाही.

दिवाळी झाली आणि आम्ही तिघे, अण्णा, तात्या आणि मी, नगरला निघालो. एस.टी.त तात्यांनी आम्हाला बाजाराचा पहिला नियम शिकवला. "हे बघा जावईबापू, काम काय हाय ते इकणाऱ्याला सांगायचं न्हाई. नांगराला बैल पायजे आसंल तर म्हनायचं, वैरनीची गाडी वढायला पायजे. गरज कळली की त्यो डोक्यावर बसतो. तवा दुकानात डुकराचं नाव कुनी काडायचं न्हाई!"

"आणि त्याने विचारलं तर?" मी म्हणालो.

"तोंड मी उघडंन. तू फकस्त बंदूक निवड. त्यो तुजा प्रांत."

माझा प्रांत! मी आयुष्यात बंदूक एकदाच पाहिली होती, तीही बँकेच्या दारात, पहारेकऱ्याच्या मांडीवर, दोघेही झोपलेले असताना. पण "मला कळत नाही" हे वाक्य बी.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हतं.

दुकानदार एक म्हातारे शेठ होते. सोनेरी काडीचा चष्मा, पांढरीशुभ्र टोपी आणि बोलणं इतकं हळू, की ते बंदुका विकतात की अत्तर असा प्रश्न पडावा. त्यांनी परवाना उलटसुलट वाचला.

"पीक संरक्षण. बरं. कशापासून संरक्षण करायचं आहे?"

अण्णाने तोंड उघडलं. तात्यांनी खालून त्याच्या पायावर पाय दिला.

"हलकंच काम हाय, शेठ," तात्या म्हणाले. "पाखरं हाकलायची."

"पाखरं?"

"व्हय. चिमण्या, राघू. फार तर कावळा."

शेठनी मान डोलावली, आत गेले आणि तीन बंदुका आणून फळीवर मांडल्या. "ही बारा बोअर. ही सोळा बोअर. आणि ही चारशेदहा."

तात्यांनी एकेक उचलून नळीत डोळा घातला (बैलाचं तोंड उघडून दात बघतात तसा), दस्त्यावरून हात फिरवला, पोटाखाली चाचपून पाहिलं. "खोड काय हाय का हिला?" त्यांनी विचारलं. शेठना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "इंग्लिश पोलाद आहे."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इथे मला माझ्या बचावासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागात ऊस नावाने ओळखत नाहीत, नंबराने ओळखतात. वडिलांच्या काळी चारशेएकोणीस नंबरचा ऊस होता. मग सातशेचाळीस आला आणि त्याने सगळ्यांचे डोळे फिरवले. विहिरीवर तीन हॉर्सपॉवरची मोटर होती, ती जाऊन पाचची आली, पाणी दुप्पट! दिवसभर कारखान्यात मी नंबरच लिहायचो. मोठा नंबर म्हणजे भारी माल, हे माझ्या रक्तात गेलं होतं. आता मला सांगा, माझ्यासमोर बारा, सोळा आणि चारशेदहा ठेवल्यावर मी काय करावं? बारा आणि सोळा म्हणजे तर आमच्या म्हशीच्या दुधाचे आकडे! आणि चारशेदहा? कुठे बारा, कुठे चारशेदहा!

मी चष्मा पुसला. तिन्ही बंदुकांकडे गंभीरपणे बघितलं आणि म्हणालो, "चारशेदहा."

"छान निवड," शेठ म्हणाले. "वजनाला हलकी. आवाजही कमी."

वजनाला हलकी! आवाज कमी! तात्यांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की चष्मा खाली पडला. "बघा जावईबापू! याला म्हनत्यात शिक्षान!"

अण्णा माझ्याकडे बघून नुसता हसला. मी शिकलो याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर एवढं कधी दिसलं नव्हतं. पदवीदानाला तो आला होता, पण तिथे त्याचं सगळं लक्ष चपला सांभाळण्यात होतं.

"काडतुसं कुठली देऊ? चार नंबर, सहा नंबर, आठ नंबर..."

"आठ!" मी ताडकन म्हणालो. आता मी कुणाला ऐकणार होतो?

सौद्याच्या वेळी तात्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून शेठच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली, बोटं दाबून, तोंडाने अवाक्षर नाही. शेठना ही रीत ठाऊक नव्हती. त्यांनी एकदा रुमालाकडे, एकदा तात्यांच्या मिशांकडे बघितलं आणि घाबरून म्हणाले, "भाऊ, हात सोडा. जो भाव आहे तो तिथे लिहिला आहे."

"बोटं मऊ हायत, पर गडी पक्का हाय," तात्या बाहेर येऊन म्हणाले.

बंदुकीचा नंबर परवान्यावर चढला, शिक्का बसला, आम्ही स्टँडवर आलो. तिथे तात्यांच्या लक्षात आलं की रुमाल दुकानातच राहिला. तो आणायला मी परत गेलो, आणि माझ्या आयुष्यातला सगळा घोळ त्या पाच मिनिटांत झाला.

शेठनी रुमाल चिमटीत धरून माझ्या हातात दिला. आता तात्या जवळ नव्हते. मी सहज, अगदी सहज विचारलं, "शेठ, याने रानडुक्कर पडेल ना?"

शेठनी चष्मा काढला. "काय पडेल?"

"रानडुक्कर."

"भाऊ," ते त्यांच्या अत्तरासारख्या आवाजात म्हणाले, "याने रानडुक्कर शिंकेल."

मग त्यांनी मला सगळं समजावलं. बंदुकीचं गणित उसाच्या उलट असतं. बारा बोअरची नळी मोठी, सोळाची त्याहून बारीक, चारशेदहाची सगळ्यांत बारीक. काडतुसांचंही तसंच, नंबर वाढला की छर्रा लहान. आठ नंबर म्हणजे बटेर-चिमण्यांचा. "डुकरासाठी बारा बोअर आणि मोठे छर्रे लागतात. तुम्ही पाखरं म्हणालात म्हणून मी काही बोललो नाही."

"मग बदलून द्या ना!"

"देतो की. पण परवान्यावर हिचा नंबर चढला. तो बदलायचा तर परत अर्ज."

"किती दिवस?"

"मागच्या वेळी किती लागले?"

स्टँडवर आलो तेव्हा अण्णा गोधडीत गुंडाळलेली बंदूक मांडीवर घेऊन बसला होता, बारशाहून परतताना बाळ घेऊन बसतात तसा. त्याने माझ्यासाठी भेळ घेऊन ठेवली होती. स्वतः खाल्ली नव्हती. मी तोंड उघडलं. भेळ आत गेली, शब्द बाहेर आला नाही. उद्या सांगू, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बंदुकीला ओवाळलं. मग अण्णाने परसात रॉकेलचा रिकामा डबा ठेवून वीस पावलांवरून बार काढला. फट्! म्हशीने कानसुद्धा हलवला नाही. वहिनी खूश! सगळे डब्याकडे धावले. डब्याला भोकंच भोकं.

"एका गोळीत येवढी भोकं!" तात्या म्हणाले. "डुकराची चाळन व्हईल चाळन!"

वहिनींनी तो डबा खरोखरच राख चाळायला घेतला. मी ती भोकं बघत होतो. त्यांतून जेमतेम मोहरी गेली असती. "अण्णा," मी म्हणालो, "मला जरा वाटतं की..."

"काय रं?"

"...की तुझा नेम फार छान आहे."

त्यानंतरचे दोन महिने मी रोज सकाळी सांगायचं ठरवत होतो आणि रोज रात्री पुढे ढकलत होतो. एकदा तर अगदी तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात वहिनींनी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि अण्णा बाहेर कुणाला तरी सांगताना ऐकू आला, "आमच्या मधूनं निवडली. तीन बंदुकी ठिवल्या हुत्या म्होरं. गड्यानं येका नजरंत वळखली!" अशा वेळी खरं बोलायला हिंमत लागते, आणि ती लोण्याबरोबर गिळली गेली.

माझी एकच आशा होती, ती म्हणजे डुक्कर. डुक्कर उसाच्या आत असतं, बाहेर येत नाही, तेव्हा बार काढायची वेळच येणार नाही! शेतकी खात्यात काम करूनही मी एक गोष्ट विसरलो होतो. ऊस तोडला जातो.

संक्रांत झाली आणि आमची तोड आली. पाथर्डीकडची टोळी होती. तोड सकाळी सुरू झाली. चारी बाजूंनी ऊस पडत गेला, पडत गेला, आणि दुपारपर्यंत मधोमध घराएवढा तुकडा उभा राहिला. मुकादम पळत आला.

"अण्णा, जनावर आत हाये! लई दांडगं हाये. बाया पुढं व्हायना झाल्यात."

ही बातमी वस्तीवर, तिथून गावात, तिथून पलीकडच्या गावात कशी गेली ठाऊक नाही, पण अर्ध्या तासात बांधावर शंभर माणूस जमलं. अण्णाचा नेम बघायचा होता ना! तात्या तर फेटा नवा बांधून आले. अण्णा बंदूक घेऊन तुकड्यासमोर जाऊन उभा राहिला. एकटा. माझा भाऊ, चिमणी मारायच्या बंदुकीसह, रानडुकरासमोर.

मी धावत गेलो.

"अण्णा, नको मारूस."

"का?"

"वराह हा विष्णूचा अवतार आहे."

"ऊस खाताना न्हवता व्हय अवतार?"

"मग बंदूक माझ्याकडे दे. मी मारतो."

अण्णाने माझ्याकडे मायेने बघितलं. "मधू, तुला गोफनीनं म्हैस वळवता येत न्हाई. जा, गाडीवर बस. तिथं काय भ्या न्हाई."

"अण्णा, ही बंदूक..."

"काय?"

बांधावरची शंभर माणसं आमच्याकडे बघत होती. तात्या बघत होते. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, "...सांभाळून धर."

आणि मी जाऊन उसाने भरलेल्या बैलगाडीवर चढलो. हे वाक्य लिहिताना आजही माझे कान तापतात.

मुकादमाच्या माणसांनी मागून आरडाओरडा केला, हलगी वाजवली. उसात खसफस झाली आणि ते बाहेर आलं. डुक्कर कसलं, केसाळ रेडकूच! पंधरा पावलांवर येऊन थांबलं. अण्णाने बंदूक खांद्याला लावली, डावा डोळा मिटला. बांधावर कुणी खोकलंसुद्धा नाही.

फट्!

मी उंचावर होतो, म्हणून मी शपथेवर सांगू शकतो. नेम लागला. डाव्या खांद्यावर, जिथे लागायला पाहिजे बरोबर तिथे. तिथली धूळ उडालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली! डुकराने खांदा थरथरवला, माशी बसल्यावर बैल कातडी हलवतो तसा. मग मान वर केली. आणि शेठचा शब्द खोटा ठरू नये म्हणून की काय, ते शिंकलं.

यानंतर मात्र त्याला राग आला.

अण्णाने दुसरं काडतूस काढेपर्यंत ते निघालं. अण्णाने बंदूक बगलेत मारली आणि धूम ठोकली, मागे डुक्कर, त्यामागे मुकादमाचं कुत्रं. कुत्र्याला लवकरच चूक कळली आणि ते परत फिरलं. बांधावरचे शंभर लोक एका क्षणात दिसेनासे झाले; तात्या तर फेट्यासकट ज्वारीत शिरले. अण्णा सरळ पाटात पडला. माझ्या गाडीचे बैल उधळले. मी उसाच्या मोळ्यांवर पालथा, दोन्ही हातांनी दोर धरून, गाडी कालव्याच्या रस्त्याने गावाकडे सुसाट! वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, "काय झालं?" मी प्रत्येकाला ओरडून सांगितलं, "काही नाही!" (म्हणजे तेव्हाही खोटंच.)

पाटाकडचं पुढचं मला नंतर कळलं. डुक्कर पाटाच्या काठावर येऊन अण्णाकडे बघत उभं राहिलं. तेवढ्यात बांधावरून वहिनी आल्या, डोक्यावर भाकरीची पाटी. नवरा चिखलात, वर डुक्कर! त्यांनी पाटीतली पिठल्याची तपेली उचलून डुकराच्या तोंडावर फेकली आणि असा आवाज काढला की मैलभर ऐकू गेला,

"हाऽऽड्!"

डुक्कर वळलं आणि शेजाऱ्याच्या उसात पळून गेलं. त्या सबंध मोहिमेत योग्य आवाजाचं शस्त्र तेवढं एकच होतं. म्हशीने मात्र त्या संध्याकाळी दूध चोरलं.

मी गाडी थांबल्यावर (म्हणजे बैलांनी ती कारखान्याच्या रांगेत नेऊन आपण होऊन उभी केल्यावर) चालत परत आलो, तेव्हा ओट्यावर पंचनामा चालू होता. अण्णा गोधडी पांघरून बसला होता.

"पंधरा पावलं!" कुणीतरी म्हणत होतं. "आंधळ्यानं मारलं असतं तरी लागलं असतं."

"बंदुकीत तर दोष न्हाई," तात्या ज्वारीची पानं झटकत म्हणाले. "बंदूक शिकलेल्या मानसानं पारखून आनलेली. डब्याची चाळन झाली हुती, समद्यांनी बघितली. चुकला त्यो नेमच."

अण्णाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"व्हय," अण्णा म्हणाला. "हात हालला माझा."

संपलं! अण्णाची वीस वर्षांची कीर्ती त्या तीन शब्दांत गेली. महिन्याभरात "अण्णाचा नेम" ही आमच्या भागातली म्हणीसारखी गोष्ट झाली. कुणाची गोटी चुकली, अण्णाचा नेम. वरमाला नवऱ्याच्या कानाला अडकली, अण्णाचा नेम. अण्णा हसायचा, पण त्याने गोफण खुंटीला टांगली ती परत काढली नाही. ज्वारीवरची पाखरं तो पुढे बंदुकीने हाकलायचा. त्या कामाला ती खरंच उत्तम होती. तात्यांनी शेठना सांगितलेली थाप आम्ही पुढची वीस वर्षं इमानाने खरी करून दाखवली.

तात्या गेले, वहिनीही गेल्या. बंदूक सरकारजमा झाली. अण्णा आता नव्वदीला टेकला आहे. परवा आम्ही सगळे टीव्हीवर क्रिकेट बघत होतो. कुणाचा तरी फेकलेला चेंडू यष्टींच्या हातभर बाजूने गेला आणि अण्णाची नातसून, जिने या घरात बंदूकही पाहिली नाही आणि रानडुक्करही, ती सहज म्हणाली, "अगंबाई, अण्णाचा नेम!"

सगळे हसले. अण्णाही हसला. मला मात्र बसवेना. क्रिकेट संपल्यावर अण्णा ओट्यावर गेला, तेव्हा मी आणि माझी बायको सुमती त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि मी सगळं सांगून टाकलं. चारशेदहा, आठ नंबर, रुमाल, शेठ, शिंक.

"अण्णा, तुझा नेम लागला होता. मला माहीत होतं. आधीपासून."

अण्णा तंबाखू मळत होता. दात नाहीत, पण मळायची सवय आहे.

"मला बी ठावं हुतं," तो म्हणाला.

"काय?"

"पाटातनं वर आलो तवा हातात दुसरं काडतूस हुतं. भिजून फुगलं, मी फोडून बघितलं. आत मोहरी. तवाच कळलं, मधूनं घोळ घातलाय."

पन्नास वर्षं! "मग बोलला का नाहीस? गाव तुला हसत होतं, अण्णा!"

"मंग काय करनार? म्होरल्या बुधवारी तुला बघाया देवळालीचे पाव्हने येनार हुते." त्याने सुमतीकडे हात केला. "हिचे वडील. पोरगा बी.ए. हाय, हुशार हाय, येवढ्यावर समदं ठरत आलं हुतं. डुकराला चिमनीची बंदूक आननाऱ्याला कोन पोरगी देतंय? माझा नेम चुकला तर कुनाचं काय जातंय? माझं लगीन झालं हुतं."

मी चष्मा काढून पुसायला लागलो. त्याच्या काचा स्वच्छच होत्या. पन्नास वर्षं मी ज्याची अब्रू घालवली असं समजत होतो, तो पन्नास वर्षं माझी सांभाळत बसला होता, आणि त्या बदल्यात सुनांची, पोरांची, गावाची चेष्टा तंबाखूसारखी दाढेखाली धरून होता.

सुमतीने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, बाजारातून आणलेलं कलिंगड घरी कापल्यावर बघतात तसं. मग ती अण्णाला म्हणाली,

"म्हणजे अण्णा, नेम तुमचा चुकलाच नव्हता. माझ्या वडिलांचा चुकला!"